दोन घंटा आणि बारा मोटा

पुण्याहून साताऱ्याला महामार्गाने दोन-सव्वादोन तासांत पोचता येते. गेल्या रविवारी आईला घेऊन निघालो, तेव्हा आम्हाला तेवढ्याच अंतराला नऊ तास लागले. त्यातला अर्धा तास टोलनाक्यावरच्या रांगेने खाल्ला, पण उरलेल्या वेळाबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

पहिला थांबा नसरापूरजवळच्या बनेश्वराचा होता. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, 1749 मध्ये बांधलेल्या या मंदिरात टांगलेल्या घंटेवर क्रूस आणि 1683 हे साल आहे. 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकल्यावर तिथल्या चर्चमधल्या घंटा विजयचिन्ह म्हणून इकडे आल्या आणि देवळादेवळांत लागल्या, त्यांपैकीच ही एक. खंबाटकी घाट उतरून सुरूर फाट्यावरून आम्ही वाईकडे वळलो, ते मुख्यतः मेणवलीतली दुसरी घंटा पाहण्यासाठी.

वाईत ढोल्या गणपतीसमोर हात जोडले आणि मंदिराची मागची भिंत पाहून घेतली. कृष्णेच्या पुराचे पाणी दुभंगून बाजूने निघून जावे म्हणून 1762 मध्ये गणपतराव रास्ते यांनी ती माशाच्या आकाराची बांधून घेतली. खरे सांगायचे तर मूर्तीपेक्षा ही भिंतच मला अधिक आवडते.

मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागून घाटाच्या पायऱ्या कृष्णेत उतरतात. मेणेश्वराशेजारच्या लहानशा घुमटीत ती घंटा आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी कोरलेली असून 1707 हे साल आहे. कुणी ते चित्र घासून काढले नाही, याचे मला प्रत्येक वेळी नवल वाटते. आईने मात्र खाली धुणे धुणाऱ्या बाईशी पाण्याच्या पातळीबद्दल बराच वेळ गप्पा मारल्या.

परतताना पाचवडला महामार्गाला लागून पुढे लिंब फाट्याने आत शिरलो. लिंबची बारा मोटांची विहीर, म्हणजे जिच्यावर बैलांनी ओढायच्या बारा मोटा (पाणी उपसायच्या चामड्याच्या पिशव्या) चालत, ती 1719 ते 1724 या काळात विरूबाई भोसले यांनी बांधवली. वरून पाहिल्यास ती शिवलिंगाच्या आकाराची दिसते. पायऱ्या उतरून कमानीखालून आत गेले की मधल्या पुलावर चक्क महाल आहे आणि त्याच्या खांबांवर गणपती, हनुमान, हत्ती-घोड्यांवरचे स्वार कोरलेले आहेत. इथून भोवतालच्या आमराईला पाणी जात असे.

मी कोरीव काम पाहत होतो, पण आईचे पाय काठावरच्या मोटेच्या जागेपाशी थबकले. माण तालुक्यातल्या तिच्या माहेरी मोट होती. नाडा, म्हणजे मोटेचा जाड दोर, वरच्या चाकावरून आणि सोंदूर, म्हणजे तिच्या सोंडेचा बारीक दोर, खालच्या कण्यावरून (आडव्या रुळावरून) कसा जातो, बैल धावेवरून, म्हणजे उतारावरून, खाली गेले की मोट वर येऊन थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या कुंडात, कशी ओतली जाते आणि मग तेच बैल पाठमोरे चालत वर कसे येतात, हे तिने दोन्ही हात दोरासारखे ताणून मला दाखवले. "बैलाला मागं चालायला शिकवणं सगळ्यात अवघड," ती म्हणाली, "आबांचा एक बैल शेवटपर्यंत शिकला नाही."

साताऱ्यात पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. कंदी पेढे घेतले आणि मुक्कामाच्या खोलीवर जाईपर्यंत त्यांतला पाव किलो संपवलाही.