बंधाऱ्याखालच्या पाण्यावर उभा राहिलेला धंदा : आमची वाटचाल

आमचा कारखाना म्हणजे कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका लेथच्या शेडची मागची खोली. पुढं फाउंड्रीचे पार्ट टर्न होतात, मागं आम्ही फ्लाय बांधतो. मासा गळाला लागावा म्हणून हुकावर पिसं, केस आणि दोरा गुंडाळून केलेलं हे खोटं आमिष. त्याला वजन जवळजवळ नसतंच, म्हणून दोरी वजनदार घ्यावी लागते. हात फेकतो ती दोरी, फ्लाय नुसता तिच्यामागं जातो. एवढं सांगितलं की कोल्हापुरात पुढचा प्रश्न ठरलेला, "भावा, गांडूळ लावलं तर चालत नाही व्हय?" चालतंय की. पण मग आमचं दुकान कसं चालणार?

सुरुवात फ्लायनं झाली नाही. हुक धरायला एक छोटा शिकंजा लागतो, बाहेरून मागवला तर खिशाला परवडत नव्हता. वडिलांचा लेथ होताच, त्यावर करून घेतला. पुण्या-बंगळुरूच्या दोघा-चौघांनी तो मागून घेतला आणि त्यांनीच विचारलं, फ्लायपण देता का? पुस्तकांत दिसणारे बहुतेक फ्लाय थंड पाण्यातल्या ट्राउट माशासाठी. आमच्या भोगावती, कासारी नद्यांत ट्राउट कुठला? इथं चिलापी, मरळ, शिवडा, आणि नशीब जोरावर असेल तर खडस. म्हणून आम्ही थंडी सरतानाचं आपलं पाणी डोळ्यांपुढं ठेवून माल ठरवला. आजही वर्षाच्या विक्रीतला मोठा वाटा माघ-फाल्गुनातच येतो.

ते का, हे बंधारे बघितल्याशिवाय कळणार नाही. पावसाळा सरला की कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालतात आणि पुढच्या पावसाआधी काढतात. त्यामुळं थंडीत नदी सलग राहत नाही. बंधाऱ्याच्या वर तुंबलेलं खोल पाणी, खाली खडकांतून गुडघाभर धार. बरग्यांच्या फटींतून पाणी गळत राहतं, त्यात हवा मिसळते, तिथं बारकी मासळी गोळा होते आणि तिच्या मागावर मोठा मासा येतो. पाणी नितळ असतं, तळातला दगडन् दगड दिसतो, म्हणजे माशालाही आपण दिसतो. वाकून, सावली पाण्यात न पाडता जावं लागतं. रात्रीच्या गारव्यानं मासा सकाळी सुस्त पडलेला असतो. काठचं उथळ पाणी उन्हानं तापलं की मग तो हलतो.

दुसरं कारण ऊस. काठावर ऊस उभा असला की दोरी मागं टाकायला जागा मिळत नाही, फ्लाय पाल्यात अडकून बसतो. तोड झाली की काठ मोकळा. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम संपत आला की आमचा भरात येतो.

सगळ्यात जास्त खपणाऱ्या आमच्या फ्लायची मूळ कल्पना अमेरिकेतल्या बॉब क्लाउझर यांची. पेनसिल्व्हेनियातल्या सस्केहाना नदीवर, म्हणजे तिकडच्या उबदार पाण्याच्या नदीवर, त्यांनी 1980 च्या दशकात तो बांधला. हुकाच्या दांड्यावर धातूचे जड डोळे असे बांधायचे की पाण्यात हुक उलटा होतो, टोक वर राहतं आणि दगडांत अडकत नाही. आमच्या खडकाळ धारेला हे फार सोयीचं. डोळे मुळात शिशाचे, आम्ही पुढच्याच शेडमध्ये पितळेचे टर्न करतो. शिशाची घनता पाण्याच्या 11.3 पट, पितळेची साडेआठ पटीच्या आसपास, त्यामुळं आमचा फ्लाय सावकाश बुडतो. सुस्त माशाच्या तोंडापुढून हळू जाणारंच काहीतरी लागतं.

तिकडं हरणाच्या शेपटीचे केस वापरतात. कोल्हापुरात तांबड्या-पांढऱ्यासाठी बोकड रोजच कापला जातो, त्याची शेपटी आमच्याकडं येते. पिसं गावठी कोंबड्याच्या मानेची. धुऊन, वाळवून, बोरॅक्स लावून ठेवतो. मरळीसाठी बेडूक करतो तो जुन्या स्लिपरच्या फोमचा, केंदाळातून ओढता येईल असा.

राखी रानकोंबड्याच्या मानेचं पीस मात्र मिळणार नाही. त्यावरच्या लाखेसारख्या चकचकीत ठिपक्यासाठी परदेशातले शौकीन जीव टाकतात. पक्षी आपल्या दाजीपूर-राधानगरीच्या जंगलातला, वन्यजीव संरक्षण कायदा 1972 खाली संरक्षित. एका व्यापाऱ्यानं "पाठवा गुपचूप" म्हणून दुप्पट भाव सांगितला होता. त्याचा फोन आता उचलत नाही.

बांधणीचं काम हुपरीच्या दोन ताई नगावर करतात. आधी चांदीचे घुंगरू जोडायच्या, बारीक कामाला हात बसलेला. दोरा तुटायच्या जरा अलीकडं ताण थांबवायचा असतो, तरच पीस फिरत नाही. मला अजून दहात एखादा दोरा तुटतो, त्यांना नाही.

2019 आणि 2021 च्या पुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी 43. शेड वाचली, पण रस्ते बंद, कुरिअर बंद, आणि ओल्या हवेत वाळत घातलेल्या शेपट्यांना वास सुटला. तेव्हापासून केसांचा साठा मेअखेर भरून ठेवतो.

चिलापी लागली तर खुशाल घरी न्या. 1952 मध्ये बाहेरून आणलेला मासा, खायला बरा. खडस मात्र ओल्या हातानं सोडा. आमच्या सगळ्या हुकांचे काटे त्यासाठीच दाबलेले असतात. अभयारण्यात गळ टाकायचा नाही, आणि जिथं मच्छीमार संस्थेचा ठेका आहे तिथं आधी त्यांना विचारायचं.

यायचं असेल तर पहाटे नदीवर जाऊन कुडकुडू नका. मिसळ खाऊन या, अकराला पोचलात तरी चालतं. फक्त निघण्याआधी धरणातून आवर्तन सुटलंय का ते विचारून घ्या. सुटलं असेल तर बंधाऱ्याखाली उभं राहायला जागा नसते, त्या दिवशी दुकानात बसून फ्लाय बांधायला शिकवतो.