पुस्तकं माजघरात, वाचक पडवीत

एप्रिलच्या शेवटी मामाचा फोन आला. "वाचनालयाच्या नव्या इमारतीचा आराखडा आलाय गो. पुढची अख्खी बाजू काचेची, मधोमध काचेचा घुमट. दिसायला झकास आहे, पण तू एकदा येऊन बघ." आमचं आजोळ कुडाळ तालुक्यातलं. वाचनालय आजीच्या घरापासून दोन घरं सोडून. लहानपणीच्या मे महिन्यातल्या सगळ्या दुपारी मी तिथल्या पडवीत काढल्यात. पुढे मी आर्किटेक्ट झाले, त्यात त्या पडवीचा वाटा मोठा आहे. मामाला म्हटलं, येते, पण थांबत थांबत येते.

पिशवीत टेप, होकायंत्र, उजेड मोजायचा लक्समीटर आणि वही. जिथे दिवसभर बसायला मिळेल त्या वाचनालयात पहिला दिवा किती वाजता लागतो, तेवढं वहीत टिपायचं ठरवलं होतं.

पहिला मुक्काम चिपळूण. इथलं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं. २००५ आणि २०२१ च्या पुरांत वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं, त्याचा फटका वाचन मंदिरालाही बसला. २२ जुलै २०२१ ला पाणी कुठवर चढलं होतं, हे बाजारपेठेतले दुकानदार अजून भिंतीला हात लावून दाखवतात. त्या खुणा बघताना माझ्या डोक्यात आमच्या वाचनालयाचाच विचार चालला होता. पुराच्या भीतीने पुस्तकं वर न्यायची, तर वरच स्लॅब दिवसभर तापतो आणि तो उकाडा संध्याकाळी, नेमकं वाचक येतात तेव्हा, खाली सोडतो. गळती थांबवायला कोकणात हल्ली सगळीकडे स्लॅबवर पत्र्याची शेड उभी राहते. लोक ती पावसासाठी करतात, पण पत्रा आणि स्लॅब यांच्यात वारा खेळायला जागा ठेवली, तर तीच शेड उन्हातही छत्री होते. पत्र्याऐवजी कौलं घातली तर आणखी बरं.

चिपळूणहून एसटीने संगमेश्वर, हातखंबा करत रत्नागिरी. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचं, राज्यातल्या सगळ्यात जुन्या वाचनालयांपैकी एक. सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर १८५२ चं. एडिसनचा दिवा १८७९ चा. म्हणजे ही तिन्ही वाचनालयं सुरू झाली तेव्हा विजेचा दिवा जगात कुठेच घरोघर नव्हता. तेव्हाच्या वाचकाला सूर्य आणि तेलाची वात, एवढाच आधार. इमारती पुढे बदलत गेल्या, पण वाचन या किनाऱ्यावर रुजलं ते दिवसाच्या उजेडात, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

रत्नागिरीत थिबा राजवाडा बघून घेतला. ब्रह्मदेशाच्या पदच्युत राजासाठी इंग्रजांनी तो १९१० साली बांधला आणि १९१६ साली राजा वारला. वाड्याची उतरती छपरं आणि अर्धगोल लाकडी खिडक्या मी बराच वेळ न्याहाळत होते. खिडकीची वरची कड जितकी उंच, तितका उजेड खोलीत आत जातो. कामापुरता हिशेब असा, की कडेच्या उंचीच्या दीड ते दोनपट अंतरापर्यंत वाचण्याजोगा उजेड पोचतो. सात फुटांवर कड असेल तर भिंतीपासून दहा ते चौदा फूट. पंचवीस फूट खोल हॉलला एकाच बाजूने खिडक्या दिल्या, की मागचा अर्धा हॉल जन्मभर ट्यूबलाइटच्या हवाली. खिडकी रुंद केल्याने हे सुटत नाही, ती उंच करावी लागते.

खाली येताना एका तालुक्याच्या गावात नव्या वाचनालयात बसले. नाव लिहीत नाही, कारण अशी इमारत आता कोणत्याही तालुक्यात सापडेल. रस्ता पश्चिमेला म्हणून पुढची बाजू पश्चिमेला, आणि ती सबंध काचेची. काच पक्की बसवलेली, उघडत नाही. सकाळी नऊला दार उघडलं आणि नऊलाच दिवे लागले, कारण काचेवर आतून जाड पडदे ओढलेले होते. चारच्या सुमाराला पडदाही तापला. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं खुर्च्या उचलून मागच्या भिंतीकडे सरकली. सगळ्यांत मागे बसलेल्या मुलीने ओढणी पाण्यात भिजवून मानेभोवती घेतली होती. ही मुलं आठ-आठ तास बसतात, घरी जागा नाही म्हणून येतात. त्यांना समुद्रावरच्या वाऱ्याची एक झुळूकही मिळू नये, याचा मला मनापासून राग आला. वहीत लिहिलं: पहिला दिवा, सकाळी ९.

कोकणात इमारतीची खरी कसोटी पश्चिमेला लागते. दुपारनंतर खारे वारे येतात तिकडूनच आणि डोळ्यांवर येणारं उतरतं ऊनही तिकडूनच. वारा घ्यायचा, ऊन अडवायचं. त्यातून गावोगावची वाचनालयं संध्याकाळीच भरतात, म्हणजे वाचकांची गर्दी आणि पश्चिमेचं ऊन एकाच वेळी हजर. दक्षिणेचं ऊन त्या मानाने सरळ स्वभावाचं. ते उंचावरून येतं आणि पागोळीला, म्हणजे छपराच्या पुढे आलेल्या कडेला, अडतं. आमच्या अक्षांशावर, म्हणजे सोळा अंशांवर, २१ मार्चला भर दुपारी तीन फुटांची पागोळी दहा फूट भिंत सावलीत ठेवते. डिसेंबरात सूर्य सगळ्यात खाली असतो, तेव्हाही साडेतीन फूट. पश्चिमेला मात्र पाचनंतर पागोळी कितीही पुढे काढा, ऊन तिच्याखालून आत येतं. तिथे उभा आडोसा लागतो. पडवी, जाळी, लाकडी झडपा, नाहीतर सरळ झाडं.

घरी पोचले ३ मेच्या रात्री.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनालयात गेले तर तात्या नेहमीच्या जागी. चाळीस वर्षं हेच ग्रंथपाल. इमारत जांभ्याच्या चिऱ्यांची, वर मंगलोरी कौलांचं दुपाखी छप्पर. पुढे पश्चिमेला आठ फुटांची पडवी, तिला कमरेएवढा कठडा आणि वर लाकडी पट्ट्यांची जाळी. आत माजघर, आणि पुस्तकांची कपाटं सगळी माजघरात, भिंतीपासून चार बोटं सुटी. पावसात चिरा ओल धरतो आणि भिंतीला टेकलेल्या पुस्तकाला आधी बुरशी लागते, म्हणून ही चार बोटं. हवेतली आर्द्रता पासष्ट टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला रान मोकळं, आणि इथे पावसाळ्यात ती नव्वदीला टेकते. कपाटामागे वारा फिरता ठेवणं एवढंच हातात असतं.

माजघरात खिडक्या लहान. उजेड येतो तो छपरातल्या दोन काचेच्या कौलांतून. त्यांचे दोन कवडसे जमिनीवर पडलेले, आणि त्यांच्या वाटेत एकही कपाट नाही.

"ह्या बघ," तात्यांनी मला एका कपाटाच्या तिसऱ्या खणाशी नेलं. निळ्या कापडी बांधणीचे जुने अंक ओळीने उभे होते. सगळ्यांच्या पाठी गडद निळ्या, पण मधल्या आठ-दहा पाठींवर वीतभर रुंद तिरकी पट्टी पार राखाडी. कुणीतरी ओल्या फडक्याने रंग पुसून घेतल्यासारखी. पूर्वी कपाट दोन फूट अलीकडे होतं आणि मे महिन्यात कवडसा रोज थोडा वेळ त्यावरून जायचा. तेवढ्याने हे झालं. मी एक अंक काढून उघडला. पानांच्या कडा चहासारख्या तांबूस झालेल्या. स्वस्त कागदात लाकडातलं लिग्निन उरलेलं असतं, ते उजेडाने पिवळं पडतं आणि कागद ठिसूळ होतो.

"कवडसो खंय खंय फिरता ता माका म्हायत आसा," तात्या म्हणाले. "पुस्तकांक ऊन सोसणा नाय आणि माणसाक काळोख सोसणा नाय. दोघांका सांभाळूचा लागता."

वाचनालय बांधण्याचं शास्त्र शिकायला मला पाच वर्षं लागली. त्याचं सार हेच.

त्या दिवशी ४ मे होता. सोळा अंशांवर सूर्य या सुमाराला भर माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो. हाच शून्य सावलीचा दिवस. नव्या जागेवर मी सकाळी सरळ खुंटी ठोकली, तिच्याभोवती दोरीने वर्तुळ काढलं. सावलीचं टोक सकाळी दहाला वर्तुळाला लागलं, तिथे एक खूण. गावातली पोरं जमली. साडेबारा वाजून दोन मिनिटांनी खुंटीची सावली पूर्ण नाहीशी झाली आणि पोरांनी एकच गलका केला. एका मुलीने आपला डबा, मग चप्पल, मग स्वतःचा हात उभा धरून खात्री करून घेतली. दुपारी तीन वाजून चार मिनिटांनी सावली वर्तुळाला दुसऱ्या बाजूने लागली. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा. शंकूची, म्हणजे उभ्या खुंटीची, ही रीत आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथांतली आहे आणि लोखंड जवळ असलं की होकायंत्र चकतं तशी ही चकत नाही.

आराखड्यावरचा उत्तरेचा बाण त्या रेषेशी ताडून पाहिला तर वीसेक अंश सरकलेला. म्हणजे काचेची दर्शनी बाजू पश्चिमेच्या जरा उत्तरेला वळलेली. मे महिन्यात सूर्य मावळतो तोही पश्चिमेच्या सतरा अंश उत्तरेला. ऐन सुट्टीत, ऐन गर्दीच्या वेळी, सूर्य थेट त्या काचेसमोर उभा राहणार होता.

वाचनालयाच्या समितीतले चौघे संध्याकाळी पडवीत बसले. घुमटाचा विषय मामानेच काढला. मी त्यांना विपुरीच्या वाचनालयाबद्दल सांगितलं. तेव्हा फिनलंडमध्ये, आता रशियात वायबोर्ग नावाने असलेलं गाव. १९३५ साली फिनिश आर्किटेक्ट आल्वार आल्टो यांनी तिथल्या वाचनकक्षाच्या छताला ५७ गोल झरोके ठेवले. ते इतके खोल, की सूर्य कितीही चढला तरी ऊन पुस्तकावर पडत नाही, झरोक्याच्या भिंतींवर आपटून मऊ उजेड तेवढा खाली उतरतो. पण तिथे सूर्य चढून चढून चढतो तो जेमतेम त्रेपन्न अंश. आपल्याकडे दुपारीच खुंटीची सावली नाहीशी झाली होती. आपल्या घुमटातून ऊन विहिरीत दगड पडावा तसं सरळ खाली येईल.

"मग वरून उजेड आणायचाच नाही?" एकाने विचारलं. आणायचा, पण उभ्या तावदानांतून. छपराचा मधला भाग दोन फूट उचलायचा आणि त्या फटीत उत्तरेकडे तोंड करून तावदानं बसवायची. इमारतीची लांबी पूर्व-पश्चिम ठेवायची, म्हणजे लांब बाजूंची तोंडं दक्षिणेला आणि उत्तरेला होतात आणि पश्चिमेला अरुंद कड तेवढी राहते. आपल्याकडे मे ते ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत माध्यान्हीचा सूर्य उत्तरेला असतो खरा, पण जूनपासून आभाळ भरलेलंच असतं, तेव्हा काळजी मे महिन्याचीच. त्याला फूटभर पाखं पुरतं. ढगाळ आभाळाखालीही बाहेर दहा हजार लक्स सहज असतात आणि वाचायला तीनशे ते पाचशे लागतात. उजेडाची टंचाई कोकणात नाहीच.

एकजण म्हणाले, मुलांना काहीतरी नवं दिसायला हवं, कौलारू घर बघून ती येणार नाहीत. हे म्हणणं मी गंभीरपणे घेतलं. इमारत जुनी दिसावी असा माझा हट्ट नाही. स्लॅब घाला, पोलाद वापरा, पण पश्चिमेला आठ फुटांची पडवी आणि उघडमीट होणाऱ्या झडपा द्या. आणि जाड भिंतीच हव्यात असंही नाही. देशावर दिवसरात्रीच्या तापमानात मोठा फरक, तिथे जाड भिंत गारवा साठवते. इथे रात्रही उबदार आणि दमट, इथे भिंतीपेक्षा वारा जास्त कामाचा. खर्चाचा आकडा मात्र अजून बसायचाय. त्यावर पुढच्या बैठकीत बोलायचं ठरलं.

मधल्या एका दिवसात मामाबरोबर सावंतवाडीला जाऊन झडपांसाठी सुताराशी बोलून आले. मोती तलावाला एक फेरी, बाजारात लाकडी खेळणी, आणि परत.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी चारपासून मी पडवीत बाकावर होते. जाळीच्या पट्ट्यांवर ऊन अडत होतं, वारा मात्र सरळ आत येत होता. पाच वाजता मीटर साडेतीनशेच्या आसपास दाखवत होता. एक आजोबा वर्तमानपत्रातली बारीक अक्षरांची पानं वाचत होते, कठड्याला टेकून दोन मुली गणितं सोडवत होत्या. सहा वाजता आजोबांनी खुर्ची कठड्याजवळ ओढली. साडेसहाला पुन्हा वीतभर. सातला दहा कमी असताना तात्या उठले आणि त्यांनी आजोबांच्या डोक्यावरचा एकच दिवा लावला. मुलींना अजून दिसत होतं. मी वही काढून वेळ लिहिली.