स्क्रीन असताना फाइल का वाचता?

‘नागिऑसच्या स्क्रीनवर लाल-हिरवं सगळं दिसतंच की, मग स्टेटस फाइल स्क्रिप्टनं कशाला वाचता?’ नागपुरात आमच्या सर्व्हरच्या कामावर जो नवा येतो, तो हे विचारतोच. नागिऑस म्हणजे सर्व्हर नीट चालताहेत का हे सतत तपासणारा प्रोग्राम, आणि स्क्रिप्ट म्हणजे आपण लिहिलेला छोटा प्रोग्राम. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

रात्रपाळीला माणूस एकटा असतो. त्याला शेकडो हिरव्या ओळी नकोत, बिघडलेल्या चार हव्यात, त्याही मोबाइलवर. आणि नागिऑस आपल्याला कळलेलं सगळं स्टेटस.डॅट या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेवतो. मुद्दाम सेटिंग बदललं नसेल तर दर १० सेकंदांनी ती नव्यानं लिहिली जाते.

तिची मांडणी फार सरळ आहे. ‘होस्टस्टेटस’ (होस्ट म्हणजे एखादं यंत्र) किंवा ‘सर्व्हिसस्टेटस’ (सर्व्हिस म्हणजे त्यावरची तपासायची एखादी गोष्ट) असं नाव, पुढे महिरपी कंस, आत प्रत्येक ओळीत नाव, बरोबरचं चिन्ह (=) आणि किंमत. कंस उघडला की रिकामी डिक्शनरी (नाव-किंमत जोड्यांची यादी) घ्यायची, ओळी भरत जायचं, कंस मिटला की तपासायचं. पायथनमध्ये पंचवीसेक ओळींत काम होतं. ओळ मात्र पहिल्याच बरोबरच्या चिन्हावर तोडा. परफॉर्मन्स डेटात, म्हणजे तपासणीतल्या मोजमापांच्या आकड्यांत, तेच चिन्ह पुन्हा येतं आणि सगळीकडे तोडलंत तर पुढचा मजकूर गळतो.

आकड्यांचं नीट लक्षात ठेवा. करंट स्टेट, म्हणजे आत्ताची स्थिती, २ असेल तर सर्व्हिस क्रिटिकल (गंभीर बिघाड), पण होस्टसाठी तोच २ म्हणजे ‘अनरीचेबल’, त्याच्यापर्यंत पोचताच येत नाही. होस्ट बंद असेल तर १ येतो. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. मे महिन्यात इथे पारा ४५च्या वर जातो, सर्व्हर रूमचा एसी ट्रिप झाला की खोली भराभर तापते. अशात एखादा नेटवर्क स्विच बंद पडला आणि पेरेंट होस्ट (कोणतं यंत्र कोणाच्या मागे जोडलंय ते) नीट नोंदवलेले असले, तर त्याच्यामागची सगळी यंत्रं अनरीचेबल होतात. बिघाड एकच, तो स्विच. म्हणून आमची स्क्रिप्ट बंद होस्ट आधी दाखवते आणि अनरीचेबलची नुसती संख्या देते. स्टेट टाइप ० असलेल्या, म्हणजे अजून पक्क्या न झालेल्या तक्रारी ती गाळते. कोणी ॲक्नॉलेज केलेल्या (‘बघतोय’ म्हणून नोंदवलेल्या) किंवा डाउनटाइममधल्या (ठरवून बंद ठेवलेल्या वेळेतल्या) तक्रारीही गाळते.

पण या सगळ्याआधी ती वेळ बघते, आणि माझ्या मते खरी गरज तिथेच आहे. फाइलच्या सुरुवातीच्या ‘इन्फो’ भागात ‘क्रिएटेड’ अशी ओळ असते, १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद. नागिऑस अडकला तर फाइल जागेवरच राहते, आतली माहिती तेवढी जुनी. ती वाचणाऱ्याला सगळं ठीक दिसतं, आणि तिकडे डेटाबेसची डिस्क भरत आलेली असते. त्या लाल रंगापेक्षा मला हा हिरवा जास्त घातक वाटतो. म्हणून फाइल दोन मिनिटांहून जुनी असेल तर आमची स्क्रिप्ट बाकी काही छापत नाही. ‘नागिऑस बघा’ एवढंच लिहिते आणि थेट फोनवर मेसेज पाठवते.

स्क्रिप्ट क्रॉनवर (ठरल्या वेळी आपोआप चालवणाऱ्या सोयीवर) लावा, तिला फाइल फक्त वाचायची परवानगी द्या. आणि स्क्रिप्ट नागिऑसच्याच मशीनवर ठेवू नका. ते मशीनच बंद पडलं तर मेसेज पाठवणार कोण?