भटक्या माजी लष्करी तपासनीसाची कादंबरी : दुसऱ्या मसुद्याची नोंद

मसुदा प्रकरण १८ पर्यंत आला आहे. स्थळ नेब्रास्का, नॉर्थ प्लॅट आणि ओगलाला या गावांच्या मधली एक काल्पनिक कौंटी, म्हणजे जिल्हा. जुलै महिना, मका डोक्याच्या वर गेलेला. नायक अमेरिकी लष्कराच्या सीआयडीतून, म्हणजे गुन्हे तपास विभागातून निवृत्त झालेला, सामान काही नाही. या फेरीत मारामाऱ्यांना हात लावलेला नाही. काम झालं ते हद्दींवर : कोणाचा अधिकार कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो. एकटा भटक्या एका गावाला भारी पडतो हे वाचकाला पटवायचं तर त्याच्या दंडापेक्षा ही आखणी जास्त कामाला येते.

हुद्दा

या प्रकारात नायकाला मेजर करायचा मोह सगळ्यांनाच होतो. पण मेजर बहुतेक वेळ तुकडी चालवतो, फायलींवर सह्या करतो. दारं ठोठावून जबाब घेणारा माणूस सहसा वॉरंट ऑफिसर किंवा सार्जंट असतो, म्हणून इथे चीफ वॉरंट ऑफिसर ३, म्हणजे सार्जंटच्या वरचा पण मेजरच्या खालचा हुद्दा. सीआयडीचे एजंट साध्या कपड्यांत वावरतात आणि हुद्दा सांगत नाहीत, कारण संशयित कर्नलही असू शकतो. नायक कोणालाच दबकत नाही याला एवढं कारण पुरतं. बालपणीचा आघात वगैरे लागत नाही.

त्याची दुसरी सवय कलम ३१ मधून आली आहे. १९५१ पासून लागू असलेल्या लष्करी न्यायसंहितेनुसार संशयिताला प्रश्न विचारण्याआधी आरोपाचं स्वरूप आणि गप्प राहण्याचा हक्क सांगावा लागतो, तो अटकेत नसला तरी. नागरी पोलिसांना बांधणारा मिरांडा निकाल १९६६ चा, आणि तोही ताब्यातल्या माणसाच्या चौकशीपुरता. निवृत्त माणसाने खासगीत विचारलेल्या प्रश्नांना यातलं काहीच बंधन नाही. तरी प्रकरण ७ मध्ये तो पहिल्या प्रश्नाआधी क्षणभर अडतो, आणि पेट्रोल पंपावरचा म्हातारा सैनिक तेवढ्यावरून त्याला ओळखतो. फॉर्मचे आकडे मोजके ठेवले आहेत : जबाबाचा २८२३ आणि मुद्देमालाच्या साखळीचा ४१३७. तिसरा आला की पान सरकारी परिपत्रकासारखं दिसायला लागतं.

पिस्तुलाबद्दल एकच सूचना. सीआयडीकडे बरीच वर्षं एम११ होतं, म्हणजे सिग कंपनीचं पी२२८, १३ गोळ्यांच्या मॅगझिनचं. त्याला हाताने लावायची सेफ्टी नसते, घोडा खाली उतरवायची कळ असते. ‘त्याने अंगठ्याने सेफ्टी काढली’ हे वाक्य आलं की जाणकार वाचक पुस्तक मिटतो.

पैसा आणि पत्ता

२० वर्षं पूर्ण केली की जुन्या पद्धतीने सर्वाधिक पगाराच्या ३६ महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या ५० टक्के पेन्शन मिळते. त्याच जुन्या पद्धतीत १३ वर्षांनी आपणहून नोकरी सोडणाऱ्याला पेन्शन नाही. त्यामुळे नायकाचं वय, सेवा आणि खिसा हे तिन्ही आकडे एकत्रच ठरवावे लागतात. इथे तो ४१ चा आहे, सेवा २० वर्षं.

पेन्शन बँकेत येते आणि २००३ पासूनच्या नियमांनी बँकेला ग्राहकाचा राहता पत्ता लागतो. पत्ताच नसेल तर जवळच्या नातेवाइकाचा चालतो. म्हणून नायकाच्या खात्यावर बहिणीचा पत्ता आहे. प्रकरण ११ मध्ये खलनायक बँकेतल्या माणसाकडून तो मिळवतो. बेघर माणसाचं घर असं कागदावर सापडतं. अपहरणासाठी नातेवाईक आकाशातून पाडण्यापेक्षा हे बरं. पत्रांसाठी ‘जनरल डिलिव्हरी’ची सोय आहे, टपाल कार्यालय पत्र ३० दिवसांपर्यंत राखून ठेवतं. त्याचा वापर मात्र एकदाच, नाहीतर प्रत्येक संकटात टपाल धावून येतं.

चालणं

पादचाऱ्याला महामार्ग ८० वर मज्जाव आहे. म्हणून नायक जुन्या ३० क्रमांकाच्या रस्त्याने चालतो, शेजारी युनियन पॅसिफिक रेल्वे कंपनीचे रूळ. आडरस्ते मैलामैलावर काटकोनात आखलेले असल्यामुळे अंतर मोजायला यंत्र लागत नाही : एक चौक ते पुढचा चौक एक मैल, सावकाश चालीने २० मिनिटं. पाठलागाच्या दृश्यांत हा हिशेब काटेकोर ठेवला आहे.

नुसतं भटकतोय म्हणून शेरीफ, म्हणजे कौंटीचा पोलीसप्रमुख, त्याला आत टाकू शकत नाही. १९७२ च्या पापाख्रिस्टू विरुद्ध जॅक्सनव्हिल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भटकंतीविरोधी वटहुकूम मोडीत काढला. अटकेला दुसरं काही तरी लागतं. इथे ते दुसऱ्याच्या शेतात विनापरवाना शिरणं. वॉरंटशिवाय अटक केली की साधारण ४८ तासांत न्यायाधीशाने कारण तपासायला हवं (१९९१ चा निकाल). प्रकरण ९ ते १४ या घड्याळावर चालतात.

पिव्हटचा पुरावा

सर्वात जास्त वेळ इथे गेला, आणि कादंबरी उभी राहिली तीही इथेच.

नेब्रास्कातलं मक्याचं शेत बहुधा १६० एकरांचा चौकोन. मधोमध खांब, त्याभोवती फिरणारा चाकांवरचा लांब नळ, म्हणजे पिव्हट. नळ तोलून धरणाऱ्या चाकांवरच्या सांगाड्यांना मनोरे म्हणतात. पिव्हट १२५ ते १३० एकर भिजवतो, चारही कोपरे कोरडे राहतात. शेवटचा मनोरा केंद्रापासून १,२८० फुटांवर धरला तर एका फेरीचं अंतर सुमारे ८,०४० फूट. पूर्ण वेगात फेरी १८ तासांची, आणि वेगाचं पॅनेल २५ टक्क्यांवर लावलं की ७२ तासांची. त्या वेळी शेवटचा मनोरा दर मिनिटाला १५ सेकंद हलतो आणि उरलेला वेळ उभा राहतो. तासाला सरासरी ११२ फूट.

शेताच्या कडेपासून केंद्रापर्यंत मातीची वाट असते. गुन्हेगाराची गाडी याच वाटेने आत गेली. आत जाणाऱ्या गाडीच्या टायरखुणा चाकांच्या चरीने मोडल्या आहेत आणि बाहेर येणाऱ्या खुणा त्याच चरीवर चढल्या आहेत. म्हणजे मनोऱ्याने वाट ओलांडली तेव्हा गाडी आत होती. नुसती पहिली खूण असती तर गाडी चाकाच्या आधी कधी तरी आली एवढंच कळलं असतं. दोन्ही मिळाल्या की वेळ आवळता येते. रात्री ९ वाजता नायक चरीतून चालत मनोऱ्यापर्यंतचं अंतर मोजतो : सुमारे १,८०० फूट. भागाकार १६ तास, म्हणजे पहाटे ५. त्या वेळी शेतावर येतो तो पाणी बघणारा गडी. शेरीफ त्याला उचलतो.

हिशेब चुकतो तो विजेमुळे. नेब्रास्कात वीजपुरवठा सार्वजनिक मालकीचा आहे, आणि उन्हाळ्यात मागणी चढली की वीज मंडळ सिंचनाच्या मोटारी दुरून बंद करतं. पंप थांबला की पिव्हटही थांबेल अशी जोडणी असते. त्या दिवशी मोटार संध्याकाळी ५ ते ९ बंद होती. चाक फिरलं १६ तास, घड्याळ फिरलं २०. गाडी आत होती ती रात्री १ वाजता. गडी सुटतो.

डिझेलवरचा पंप घेतला तर हा सगळा डाव कोसळतो, म्हणून प्रकरण ३ मध्येच मीटरची पेटी आणि त्यावरची नियंत्रणाची डबी दाखवून ठेवली आहे. तिच्याकडे बोट मात्र दाखवलेलं नाही. नायक फक्त तिच्या सावलीत बसून पाणी पितो.

आता खऱ्या संशयिताकडे रात्री १२:५० ची पेट्रोलची पावती आहे, ४० मैल पश्चिमेची. पण ओगलाला ज्या कीथ कौंटीत आहे तिथे माउंटन वेळ चालते, नॉर्थ प्लॅटला आणि या शेतावर सेंट्रल, एक तास पुढची. पावतीतले १२:५० म्हणजे शेताच्या घड्याळाने १:५०. शेतातून १ ला निघून ताशी ६० मैलांनी ४० मैल गेल्यावरही १० मिनिटं उरतात. स्थानिक माणूस हा फरक रोज जगतो, तेव्हा शेरीफला तो सुचत नाही असं लिहिलं तर वाचक हसेल. म्हणून शेरीफला तो ठाऊक आहे आणि तो बोलत नाही. कथानकातला बदल एवढाच, पण त्याने शेरीफची सगळी दृश्यं पुन्हा लिहावी लागली.

शवविच्छेदन

नेब्रास्कात कौंटी अॅटर्नी हाच पदसिद्ध कोरोनर असतो. खटला चालवणारा आणि मृत्यूचं कारण ठरवणारा माणूस एकच. त्याने विच्छेदन नको म्हटलं की प्रेत थेट दफनाला. बाहेरून भ्रष्ट डॉक्टर आणायची गरजच उरत नाही.

किरकोळ

बंद मुठीने कवटीवर मारलं की करंगळीमागचं हाड मोडतं आणि तो हात काही आठवडे बाद. नायक कोपर आणि तळहात वापरतो. फटक्याने बेशुद्ध झालेला माणूस सहसा काही सेकंदांत जागा होतो. अर्धा तास पडून राहिला तर मेंदूला गंभीर इजा झालेली असते. प्रकरण १२ मधला पहारेकरी म्हणून बांधून ठेवला.

शेरीफ नायकाला ‘तू’ म्हणतो, नायक त्याला ‘तुम्ही’. प्रकरण १५ मध्ये शेरीफ ‘तुम्ही’वर येतो आणि त्याच वाक्यात धमकी देतो. त्याच्यावर निवेदकाने काही बोलायचं नाही.

उरलेलं काम

नॉर्थ प्लॅटला बेली यार्ड आहे, जगातलं सर्वात मोठं रेल्वे वर्गीकरण यार्ड (मालडबे वेगळे करून नव्या गाड्या जोडायची जागा), आणि युनियन पॅसिफिकचं स्वतःचं पोलीस दल आहे. प्रकरण १९ मध्ये पाठलाग रुळांवर पोचतो, तिथे शेरीफसोबत रेल्वे पोलीसही उभे राहतात. त्यांना शेवटाकडे मदतीला धावून येणारं दल केलं तर आधीच्या १८ प्रकरणांची मेहनत वाया जाते. सध्याचा आराखडा असा की ते फक्त आपल्या मालगाडीची खोळंबा-नोंद लिहून घेतात, मिनिटासकट, आणि खलनायकाची गाडी फाटकावर कधी होती ते त्या नोंदीत पडून राहतं. ती नायकाच्या हाती कायदेशीर मार्गाने कशी लागावी हे अजून बसलेलं नाही. सरकारी वकील खलनायकाचाच असल्याने समन्सची वाट बंद आहे, त्यामुळे आता बचाव पक्षाच्या वकिलाचं पात्र प्रकरण १० पासून पेरत आणायचं आहे.