एका टोकनवर दोन पावत्या

चिकोडी भागातल्या एका साखर कारखान्यातून रात्री फोन आला. डबल ट्रॉलीचं वजन बैलगाडीएवढं लागलंय, लोकांनी काटा बंद पाडलाय, लगेच या. गाड्या तोलणाऱ्या काट्याचा संगणक प्रोग्रॅम दुरुस्त करायचं काम माझं. बेळगावहून पोचेपर्यंत ट्रॅक्टरांची रांग गेटबाहेर रस्त्यावर गेली होती आणि कन्नड, मराठी दोन्हींतून आवाज चढले होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये उसाला टनामागे ३,५०० रुपये मागत शेतकरी गुर्लापूर क्रॉसवर धरणं धरून बसले, तोच हा बेळगाव जिल्हा. इथं काटामारीचा, म्हणजे वजनात फसवल्याचा, संशय यायला वेळ लागत नाही.

शेतकऱ्याच्या हातात दोन पावत्या होत्या. टोकन एकच, गाडी एकच. पहिलीवर वीस टनांच्या वर, दुसरीवर दोन टनांच्याही आत. खात्यावर दुसरी चढली होती.

"काटा बरोबर हाय म्हणता, मग माझा ऊस गेला कुठं?"

"मामा, पहिली पावती सांभाळून ठेवा. कुणालाही देऊ नका," एवढंच मी त्यांना म्हणालो.

ऑफिसातल्या मंडळींनी ऑपरेटरला दोषी ठरवून टाकलं होतं, कारण त्या पोरानं बटण दोनदा दाबलं. मला ते पटलं नाही. पडद्यावर काही हललं नाही तर कुणीही परत दाबणारच.

काट्याचा इंडिकेटर, म्हणजे आकडा दाखवणारी पेटी, सिरियल पोर्टच्या तारेवरून संगणकाला सतत आकडे पाठवत असतो. इंजिन चालू असलं, ऊस डुलत असला की आकडा नाचतो, म्हणून तो स्थिर होईपर्यंत थांबावं लागतं. मूळ प्रोग्रॅम हे थांबणं पडद्याच्याच थ्रेडवर करायचा. थ्रेड म्हणजे कामं एकामागून एक उरकणारी ओळ. त्यात लूप, म्हणजे तेच ते परत परत: वाचन, स्लीप म्हणजे थोडं थांबणं, परत वाचन. विंडोजमध्ये पडद्यावरच्या खिडकीकडे येणारी प्रत्येक गोष्ट, माऊसची टिचकी असो की पडदा रंगवण्याचा निरोप, त्या थ्रेडच्या रांगेत येते. थ्रेडनं पाच सेकंद रांगेकडे बघितलंच नाही की विंडोज 'नॉट रिस्पॉन्डिंग' दाखवतं. ही तक्रार आल्यावर आधीच्या कंत्राटदारानं लूपमध्ये डूइव्हेंट्स या आज्ञेची एक ओळ घातली आणि बिल लावलं. पडदा गोठायचा थांबला. मला राग आहे तो या ओळीचा.

डूइव्हेंट्स रांगेतले निरोप तिथल्या तिथे चालवतं, त्यात बटणाची दुसरी टिचकीही आली. त्यामुळे पहिलं वजन अर्धवट असताना त्याच्या पोटात दुसरं सुरू झालं. आतलं आधी संपलं, बरोबर पावती निघाली आणि 'पावती छापली, ओके दाबा' अशी चौकट आली. पोरानं पावती फाडून खिडकीतून दिली. ट्रॅक्टर उतरला, बैलगाडी चढली, तेव्हा त्यानं ओके दाबलं. त्याच क्षणी बाहेरचं, तोवर खोळंबलेलं वजन जागं झालं. त्याच्याकडे टोकन ट्रॅक्टरचं, काट्यावर मात्र बैलगाडी. आकडा स्थिर, पावती तयार.

हे मी पहाटे दोन रिकाम्या गाड्या काट्यावर घालून मॅनेजरसमोर करून दाखवलं.

दुरुस्ती मी मन लावून केली. पोर्टचं वाचन वेगळ्या थ्रेडवर चालतं आणि पडद्याला फक्त निरोप जातो. बटण दाबताच ते बंद होतं. पुढे अवेट, म्हणजे वाट बघायची आज्ञा: स्थिर वजन किंवा वीस सेकंदांची मुदत, जे आधी येईल ते. अवेटवर वजनाचं काम तेवढं थांबतं, पण थ्रेड रांगेकडे परत जातो, म्हणून आकडा हलताना दिसतो आणि 'रद्द' चालतं. वजन आधी आलं तर मुदतीचा टायमर आठवणीनं मोडावा लागतो. नाहीतर तो मागे टिकटिकत राहतो, आणि मुदत संपल्याचा निरोप कोड सगळ्या गाड्यांच्या एकाच सामायिक खुणेवरून वाचत असेल तर पुढच्या गाडीचं वजन मध्येच तोडतो. शिवाय काटा शून्यावर आल्याशिवाय नवं वजन सुरूच होत नाही.

मॅनेजरांचं म्हणणं, मुदत संपली की शेवटचा आकडा छापून टाका, गव्हाण, म्हणजे ऊस टाकायची जागा, रिकामी राहता कामा नये. मी नाही म्हणालो. नाचता आकडा म्हणजे वजन नव्हे. आता मुदत संपली की 'इंजिन बंद करा, परत वजन घ्या' असं येतं आणि पावती निघत नाही.

त्या शेतकऱ्याचं वजन पहिल्या पावतीवरून दुरुस्त झालं. पण त्याच्या मागे बैलगाडी होती म्हणून फरक डोळ्यांत भरला. डबल ट्रॉलीमागे डबल ट्रॉलीच असती तर टन-दीड टनाचा फरक कुणाच्या लक्षात आला असता? दुसरी नोंद पहिलीवर बसते, जुनं वजन पुसलं जातं, पण पावतीचा क्रमांक मध्ये सुटतो. त्या सुटलेल्या क्रमांकांवरून मी हंगामाची यादी काढून ऑफिसात दिली आहे. काही क्रमांक कागद अडकल्यामुळेही सुटले असतील. बाकीचे ज्यांचे आहेत, त्यांच्या घरात जुनी पावती अजून असेल. त्यांना बोलवा म्हणून मी दर भेटीत सांगतो. अजून कुणालाही बोलावलेलं नाही.