पिकाचूचा पिवळा अखेर हिरवा व्हायचा थांबला

मंडळी, पिवळा जमला.

पूर्ण जमला असं म्हणणार नाही, पण ‘पोकेमॉन’ मालिकेच्या पहिल्या भागातला शेवटचा शॉट मी जुन्या पद्धतीने सेलवर, म्हणजे पारदर्शक शीटवर मागून रंगवून, बनवतेय, त्यातला पिकाचू आता निळ्या आभाळावर ठेवला तरी पिवळाच दिसतो. एवढ्या एका वाक्यासाठी अख्खा पावसाळा खर्ची पडलाय. मालिकेचा नायक ऐश, त्याच्या टोपीवरच्या हिरव्या खुणेचं प्रकरण मागेच मिटलं, जॅकेटचा निळाही चालण्यासारखा आहे. तेव्हा आज मुख्यतः पिवळ्याचंच पुराण.

शॉट तुम्हाला माहीत आहेच. वादळ सरलंय, ऐश अर्धमेल्या पिकाचूला कवेत घेऊन निघालाय, वर इंद्रधनुष्य आणि त्यापलीकडून जाणारा हो-ओह हा पक्षी-पोकेमॉन. माझी मांडणी अशी: तळाला पोस्टर कलरचं आभाळ, त्यावर A म्हणजे ऐशचं धड, त्यावर B म्हणजे पिकाचू, आणि सगळ्यात वर C, ऐशचा पुढचा हात आणि हिरवा हातमोजा. पिकाचू पहिल्या सीझनमधला, म्हणजे गुबगुबीत, मान जवळजवळ नसलेला. नंतरच्या सडपातळ पिकाचूवर माझा जीव नाही, हे पूर्वीही सांगितलंय.

तर पांढऱ्या टेबलावर B एकटा ठेवला की पिवळा अगदी धम्मक. थर रचले की कच्चं लिंबू. आधी संशय दिव्यावर गेला. माझा टेबललॅम्प स्वस्तातला एलईडी आहे आणि रंगांच्या बाबतीत त्याच्यावर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. म्हणून सगळं उचलून खिडकीशी नेलं. तिथेही लिंबूच. मग ट्यूबवर संशय. लेमन यलो मुळातच हिरव्याकडे झुकलेला असतो, म्हणून तो बाजूला ठेवून नारिंगीकडे झुकणारा उबदार पिवळा आणला. फरक पडला, पण लिंबाचं फारतर मोसंबं झालं.

मग शीटकडे वळले. ऑनलाइन मागवलेला ओएचपी (प्रोजेक्टरच्या पारदर्शक) शीटचा गठ्ठा इंकजेट प्रिंटरवाला निघाला, एका बाजूला कोटिंग असलेला. कोटिंगची बाजू बोटाला किंचित खरखरीत लागते आणि उजेडाकडे धरली की धुरकट दिसते. विक्रेत्याने वर्णनात याचा उल्लेखही केला नव्हता. अप्पा बळवंत चौकातून साधी, बिनकोटिंगची 100 मायक्रॉनची पॉलिस्टर शीट आणली आणि थर पुन्हा रचले. धुरकटपणा गेला, हिरवट झाक तशीच. इथे मी जवळजवळ हात टेकले होते.

उत्तर मिळालं ते बाहीवर. ऐशच्या जॅकेटचं अंग निळं आणि बाह्या पांढऱ्या, हे आपण सगळे झोपेतही सांगू. पिकाचूची शेपटी जिथे त्या पांढऱ्या बाहीवरून जाते तिथे ती सुरेख पिवळी होती. दोन मिलिमीटर सरकून तीच शेपटी निळ्यावर आली की हिरवट, आणि आतल्या काळ्या टी-शर्टसमोर आलेला पोटाचा भाग मळकट. रंग एकाच वाटीतला, एकाच बैठकीत लावलेला. म्हणजे दोष छटेत नव्हताच, रंग पारदर्शक होता. बाजारातले बरेचसे पिवळे सेंद्रिय रंगद्रव्याचे असतात. दिसायला झगझगीत, पण झाकण्याची ताकद बेताची. खालचा निळा त्यातून डोकावत होता.

हे कळल्यावर तपासणी सोपी झाली. पांढऱ्या कागदावर मार्करने जाड काळा पट्टा ओढायचा, शीटच्या तुकड्यावर रंगाचा ठिपका पसरून वाळवायचा आणि तो तुकडा पट्ट्यावर धरायचा. पट्टा दिसला तर रंग बाद. माझ्याकडचे सगळे पिवळे बाद झाले. लाल आणि तपकिरी मात्र पहिल्याच फटक्यात पास, त्यामुळे गालांची आणि पाठीवरच्या पट्ट्यांची काळजी मिटली.

पहिला उपाय कोणालाही सुचेल तोच: पिवळ्याच्या मागून पांढऱ्याचा हात. आपण सेलच्या मागच्या बाजूने रंगवतो, त्यामुळे समोरून आधी पिवळाच दिसणार आणि मागचा पांढरा निळ्याला अडवणार. रंग एकदम उजळला आणि मी घरभर नाचले. दुसऱ्या दिवशी बघते तर कानांच्या कडेला पांढरी किनार. माझी रेघ बारीक निबची आहे. तिच्याखाली पिवळा आणि पांढरा दोन्ही नेमके थांबवायचे म्हणजे सुईच्या टोकावरचं काम. त्यात दोन जाड थर वाळताना आकसले आणि शीटने कडेने मान वर केली. कॅमेऱ्यासाठी काच दाबली की मधोमध इंद्रधनुषी वलयं. शॉटमध्ये इंद्रधनुष्य हवं होतं हे खरं, पण ते नव्हे.

मग पांढरा मागे लावण्याऐवजी आतच मिसळला. उबदार पिवळ्यात टायटॅनियम व्हाइट जेमतेम, पट्टा झाकण्यापुरता. त्याने रंग फिका पडतो, तो वर काढायला नारिंगीचा एक थेंब. हे मिश्रण दाट ठेवून ब्रशने फासायचं नाही. ठिपका सोडायचा आणि ब्रशच्या टोकाने तो रेघेपर्यंत ढकलत न्यायचा, म्हणजे ओरखडे राहत नाहीत. वाळल्यावर त्याच मिश्रणाचा दुसरा हात. पट्टा गायब, किनार नाही, शीट सपाट. सावलीच्या छटेत पांढरा आणखी कमी लागतो, तिथे थोडा ओकर (मातकट पिवळा) घातला की झाकणं आपोआप सुधारतं. आणि क्रम महत्त्वाचा: गाल, डोळ्यातला चमकता ठिपका आणि पट्टे आधी, मग सावली, मुख्य पिवळा शेवटी.

पोस्टर कलरमध्ये पांढरा गोंद मिसळायचा प्रकार मी सोडून दिलाय. कोरड्या हवेत तो छान चालतो, पण पुण्याच्या जुलैमध्ये आठवडाभरानेही बोटाला चिकटतो. अॅक्रिलिकसुद्धा एकमेकांवर ठेवलं तर चिकटतंच, म्हणून दोन सेलच्या मध्ये केक भाजायचा सिलिकॉन लावलेला कागद घाला. बटर पेपर नको, तो सुरकुततो आणि ती नक्षी रंगात उमटते. मूळ जपानी सेलही मागच्या डोगाला, म्हणजे ज्यावरून सेलवर रेघ उतरवतात त्या कागदावरच्या चित्राला, चिकटलेले सापडतात, तेव्हा एवढं मनाला लावून घेऊ नका.

आता जमवायचा तो पिवळा नेमका कोणता, हा वाद. मागच्या वेळी तुमच्यापैकी दोघांनी डीव्हीडीवरून रंग उचलायचा सल्ला दिला होता. मला तो पटत नाही. ओएलएम स्टुडिओच्या या मालिकेसाठी 1997 च्या सुमारास हे सेल रंगवले गेले, ते दिव्यांखाली फिल्मवर चित्रित झाले, फिल्मवरून टेपवर आणि टेपवरून आपल्या टीव्हीपर्यंत पोचले. त्या काळी टीव्हीचं काम साधारण 16 मिमीवर चाले. प्रत्येक टप्प्यावर पिवळा थोडा सरकला असणार. पडद्यावरचा रंग हा सेलवरचा रंग नाहीच. शिवाय माझ्या डोक्यातला पिकाचू कार्टून नेटवर्कवरच्या हिंदी डबचा, आमच्या जुन्या टीव्हीवर पाहिलेला, आणि त्या टीव्हीचा कलरचा खटका कायम वर चढवलेला असायचा. म्हणून मी ठरवलंय, छटा जुळवायची ती शॉट रचून, काच दाबून, कॅमेऱ्यातून दिसेल तशी. टेबलावर तो थोडा भडक दिसला तरी चालेल.

त्यातून एक नवी भानगड निघाली. C ची शीटही थोडा उजेड खातेच. तिच्याखालचा पिवळा उघड्या पिवळ्यापेक्षा किंचित दबतो. जुने रंगारी थर मोजून छटा बदलत, ते का, हे आता डोळ्यांनी दिसलं. सध्या दोन बाटल्या भरून ठेवल्यात, ‘उघडा’ आणि ‘एका शीटखालचा’. होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटल्या याला उत्तम. झाकण घट्ट बसतं, आणि आत एखादा छर्रा टाकला की हलवताना तळाचा रंगही मिसळतो.

हे लिहिता लिहिता बेत बदलतोय. हा शॉट स्थिरच ठेवून फ्रेम करायचा होता. पण पिवळा हातात आलाय तर त्याच भागातला विजेचा लोळ का करू नये? सेलच्या काळात अशी वीज बहुतेकदा रंगवत नसत. काळ्या कागदात विजेचा आकार कापायचा, खालून दिवा लावायचा आणि तीच फिल्म मागे घेऊन त्यावर दुसऱ्यांदा प्रकाश पाडायचा. म्हणून ती पांढरी होऊन जळल्यासारखी दिसते. मोबाइलने दोन फोटो काढून एकावर एक चढवले की आपलंही काम भागतं. गालावरची ठिणगी आठ चित्रांत बसेल, एकेक चित्र तीन फ्रेम, म्हणजे बरोबर एक सेकंद.

फक्त लुकलुकाट जपून. 16 डिसेंबर 1997 च्या अडतिसाव्या भागात पिकाचूच्या विजेने क्षेपणास्त्रं फुटली, तेव्हा लाल-निळा सेकंदाला सुमारे बारा वेळा पालटला आणि 685 जणांना, त्यात बहुतेक मुलं, रुग्णवाहिकेने हलवावं लागलं. मालिका थेट 16 एप्रिल 1998 ला परतली. वीज पिकाचूची, शिक्षा मात्र त्या भागातल्या पोरीगॉन या पोकेमॉनला: मालिकेतून जवळजवळ हद्दपार, आजतागायत. हा अन्याय मी विसरणार नाही. असो. त्यानंतर जपानी वाहिन्यांनी लालाचं लुकलुकणं सेकंदाला तीनच्या आत ठेवायचं ठरवलं. मी लाल वापरणारच नाही, आणि ठिणगी एकदाच उजळून विझेल.

अडचण एकच, विजेसाठी रंगीत प्रकाश. साधा जिलेटिन पेपर दिव्याच्या उष्णतेने आक्रसतो, आणि मला फिकट निळा हवाय, दुकानात मिळतो तो गडद. तुमच्यापैकी कोणी नाटकाच्या प्रकाशयोजनेत असेल आणि फिकट निळ्या जिलेटिनचे तळहाताएवढे तुकडे उरले असतील तर कळवा. बदल्यात ‘एका शीटखालचा’ची एक बाटली भरून देईन. सध्या भरपूर झालाय.