दादाचा फोन, त्याच्या ऑर्डरी आणि मी लिहायला घेतलेली वही

दादाच्या दहाव्याला आम्ही गंगेवर होतो. नाशिककरांना सांगायला नको, गोदावरीला आपण गंगाच म्हणतो. पिंड ठेवलेला, गुरुजी बाजूला उभे, आणि कावळा काही शिवेना. झाडावर चार-पाच बसलेले पण एकही खाली येईना, आणि तेवढ्यात वहिनीच्या पिशवीत दादाचा फोन वाजायला लागला. एकामागून एक मेसेज. ऑर्डरी होत्या, नवरात्र जवळ आलं होतं ना. इकडे दादाचं मन कशात अडकलं असेल म्हणून सगळे एकेक बोलत होते, पोरीचं शिक्षण पूर्ण करू, आईला सांभाळू, आणि मग वहिनी पुढे झाली आणि मोठ्याने म्हणाली, "तुमच्या सगळ्या ऑर्डरी मी पोचवते." थोड्या वेळाने कावळा शिवला. कोणी काय मानायचं ते मानो, पण वहिनीने दिलेला तो शब्द पाळायला आम्हाला सात महिने लागत आलेत, आणि त्यात जे शिकले ते लिहून ठेवावंसं वाटतंय कारण माझ्या ओळखीत घरून ऑनलाइन विकणाऱ्या निदान वीस बायका आहेत आणि एकीनेही याचा विचार केलेला नाही. मीही केला नव्हता.

दादा तांब्या-पितळेची भांडी ऑनलाइन विकायचा. भद्रकालीतल्या कारागिरांकडून माल घ्यायचा, घरी फोटो काढायचा, आणि त्याची खासियत म्हणजे भांड्यावर नाव घालून द्यायचा. रुखवताचा तांब्या, मुंजीची भिक्षावळीची ताटली, बाळाच्या बारशाची वाटी. स्वतःची वेबसाइट होती, इन्स्टावर पेज होतं, एका मोठ्या साइटवरही माल होता. नऊ वर्षं. सगळं एकट्याच्या डोक्यात. वहिनीला पॅकिंग माहीत होतं, बाकी काही नाही. तो गेला तेव्हा अकरा ऑर्डरींचे पैसे आलेले होते आणि माल गेलेला नव्हता, हे आम्हाला कळायलाच तीन आठवडे लागले.

भाचीला फोनचा पिन माहीत होता हे नशीब. पण फोन उघडला म्हणजे दुकान उघडलं असं नसतं. ईमेल उघडायला ओटीपी, वेबसाइटच्या मागच्या बाजूला जायला ओटीपी, पेमेंट गेटवेला, म्हणजे गिऱ्हाइकांचे ऑनलाइन पैसे घेऊन आपल्या खात्यात टाकणाऱ्या कंपनीला, ओटीपी, जीएसटीच्या साइटवर ओटीपी, आणि सगळे त्याच एका नंबरवर. आणि त्या सिमचं रिचार्ज बाविसाव्या दिवशी संपत होतं, भाचीच्या लक्षात आलं म्हणून तिने आदल्या रात्री टाकलं. लोक पासवर्डची यादी करा म्हणतात, करा ना, पण माझं म्हणणं आहे की आधी तो नंबर जिवंत ठेवा. नंबर गेला की पासवर्ड असूनही तुम्ही दाराबाहेर. व्हॉट्सॲपचंही तसंच, 120 दिवस वापरलं नाही तर अकाउंट डिलीट होतं, आणि दादाचे निम्मे गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवरचे होते. नंतर मृत्यूचा दाखला देऊन आम्ही तो नंबर रीतसर वहिनीच्या नावावर करून घेतला. तो दाखल्याचा कागद तर दहा-बारा प्रती काढून ठेवाच, प्रत्येक ठिकाणी लागतो.

पण इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते. नंबर हातात आहे म्हणजे पैसे हलवायचे नाहीत. आमच्याच एका नातेवाइकाने सुचवलं होतं की बँकेला कळायच्या आत यूपीआयने सगळे वहिनीच्या खात्यात घ्या, कोण बघतंय. आमच्या सीएंनी तिथल्या तिथे नाही म्हटलं. माणूस गेल्यावर खात्यातले पैसे वारसांचे होतात आणि ते बँकेच्या रीतीनेच काढायचे, नाहीतर उद्या एखाद्या वारसाने विचारलं तर तुम्ही काय उत्तर देणार.

बँकेत गेल्यावर कळलं की नॉमिनी आई आहे. दादाने चालू खातं लग्नाआधी दुसऱ्या कामासाठी काढलं होतं, तेव्हाचंच नाव. आई बिचारी म्हणाली मला नको काही, सुनेला द्या. आमच्याकडे भांडण झालं नाही म्हणून निभावलं. पण मला तोपर्यंत वाटायचं की नॉमिनी म्हणजे मालक, आणि तसं नाहीये. नॉमिनीने पैसे हातात घ्यायचे आणि वारसांना द्यायचे. शेअर्सच्या बाबतीत तर डिसेंबर 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने साळगावकर कुटुंबाच्या खटल्यात, म्हणजे कालनिर्णयवाले जयंत साळगावकर, हेच सांगितलं की नॉमिनेशनमुळे वारसाहक्क बदलत नाही. आणि मृत्युपत्र नसेल तर हिंदू पुरुषाच्या मागे बायको, मुलं आणि आई यांना सारखा हिस्सा. म्हणजे दादाच्या गोदामातल्या कळश्यांमध्येसुद्धा तिघींचा हिस्सा. हा विचार मी कधी केलाच नव्हता.

बँकेला कळवल्यावर खातं थांबलं, ते बरोबरच आहे, पण मग त्या खात्यावरून कापले जाणारे सगळे हप्तेही थांबले. वेबसाइट बंद पडली. डोमेनच्या, म्हणजे वेबसाइटच्या नावाच्या, सूचना ज्या ईमेलवर येत होत्या तो कोणी बघत नव्हतं. डॉट कॉमचं नाव मुदत संपल्यावर लगेच जात नाही, थोडी सवलतीची मुदत असते आणि त्यानंतर 30 दिवस ते जास्त पैसे भरून सोडवता येतं, आम्ही त्या 30 दिवसांतल्या शेवटच्या आठवड्यात सोडवलं. नेहमीच्या फीच्या कितीतरी पट गेले पण गेलं असतं तर नऊ वर्षांचं नाव गेलं असतं. पेमेंट गेटवेवाल्यांकडे गिऱ्हाइकांचे पैसे अडकले होते ते वेगळंच, ईमेलवर ईमेल, प्रत्येक वेळी उत्तर देणारा नवा माणूस, आणि प्रत्येक वेळी वहिनीने पहिल्यापासून सांगायचं की माझे मिस्टर वारले. चौथ्या वेळी तिने फोन माझ्याकडे दिला आणि आत निघून गेली.

जीएसटीचं मात्र नीट समजून घ्या, कारण एकट्याच्या मालकीचा धंदा म्हणजे कायद्याने तो माणूसच, वेगळं असं काही नसतं. त्याच्या पॅनवरचा जीएसटी नंबर बायकोच्या नावावर ट्रान्सफर होत नाही. धंदा पुढे चालवायचा असेल तर वारसाने स्वतःच्या पॅनवर नवीन नंबर घ्यायचा, आणि जुना रद्द करायचा. पण क्रम महत्त्वाचा आहे. जुन्या नंबरवर मालावर भरलेल्या टॅक्सचं जे क्रेडिट पडलेलं असतं ते आयटीसी-02 नावाच्या फॉर्मने नव्या नंबरवर आणता येतं, आणि तो फॉर्म जुना नंबर रद्द करायच्या अर्जाआधी भरायचा. मार्च 2019 च्या परिपत्रकात हे स्पष्ट आहे. वहिनी घाईघाईत आधी रद्द करायला निघाली होती, सीएंनी थांबवलं. तोपर्यंत रिटर्न न भरल्याची लेट फी चढतच होती.

इन्स्टा-फेसबुकवर आणखी एक भीती होती. मित्रमंडळी प्रेमाने म्हणत होती की दादाचं प्रोफाइल स्मृती म्हणून ठेवायला कळवू. कोणी कळवलं असतं तर इन्स्टाच्या तशा अकाउंटमध्ये पुन्हा कोणालाच लॉगइन करता येत नाही, आणि फेसबुक पेजचा ॲडमिन तो एकटाच असेल तर पेजच काढलं जातं. आम्ही सगळ्यांना हात जोडून थांबवलं आणि आधी वहिनीला ॲडमिन केलं. दुसरा ॲडमिन आज करा. पाच मिनिटांचं काम आहे.

आणि तो कारागीर. त्याचं लिहायलाच हवं. भद्रकालीत वहिनीबरोबर मी गेले होते, आत ठोक्यांचा आवाज चाललेला, आम्हाला बघून त्याने हातोडी खाली ठेवली. दादाचं आणि त्याचं हिशेबाचं काहीही लेखी नव्हतं. त्याने आतून सात नग आणले, फडक्यात गुंडाळलेले, ठोके मारून झालेले, फक्त नाव घालायचं राहिलेलं. प्रत्येकात एक चिठ्ठी, दादाच्या अक्षरात, कोणतं नाव, कुठे घालायचं, काठाखाली की बुडाला. एकावर लिहिलं होतं, "चि. सौ. कां. मधला अनुस्वार विसरू नको." वहिनी ती चिठ्ठी हातात धरून तिथल्या लाकडी ओंडक्यावर बसली ती बराच वेळ बसली. मग विचारलं, तुमचे किती देणे आहेत. त्याने आकडा सांगितला, तिने एक प्रश्न न विचारता दिला. सगळ्या डिजिटल भानगडीत आम्हाला खरा हिशेब त्या चिठ्ठ्यांवरून लागला.

आता माझं. मी नागलीचे, म्हणजे नाचणीचे पापड, कुरडया आणि मसाले विकते, इंदिरानगरहून. माझं फूड लायसन्स माझ्या नावावर आहे. मी गेले तर नियमाप्रमाणे ते घरच्यांसाठी 90 दिवस चालू राहतं, तेवढ्यात त्यांनी स्वतःच्या नावाचं करून घ्यायचं, हे 90 दिवस वहीच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहिलंय. गुगलला इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर म्हणून सोय आहे, तुम्ही ठरवलेल्या माणसाकडे तुमचा डेटा जातो, तेही करून ठेवलंय, पण त्यात कमीत कमी तीन महिने थांबावं लागतं आणि उन्हाळ्यात कुरडयांच्या सीझनला तीन महिने म्हणजे सगळं वर्ष गेलं. म्हणून तेवढ्यावर मी विसंबत नाही. बँकेत नॉमिनी तपासला, आता चार नावं देता येतात, नोव्हेंबर 2025 पासून.

मृत्युपत्र केलं. स्टॅम्प पेपर लागत नाही, रजिस्टर करणंही सक्तीचं नाही, पण सही आणि दोन साक्षीदार हवेतच, आणि नुसतं मोबाइलमध्ये किंवा ईमेलमध्ये लिहून ठेवलेलं चालत नाही, कागदच हवा. शेजारच्या काका-काकूंनी साक्षीदार म्हणून सह्या केल्या, काकूंचा हात थरथरत होता. बायकांना मुद्दाम सांगते, हिंदू बाईला मुलं नसतील आणि नवराही आधी गेलेला असेल तर तिने स्वतःच्या हाताने कमावलेलंसुद्धा मृत्युपत्र नसेल तर आधी सासरच्या वारसांकडे जातं, आईवडिलांचा नंबर नंतर लागतो. आमच्या ग्रुपमधल्या दोघी अशा आहेत, एकीचा सगळा खर्च तिचे वडील करत होते सुरुवातीला. तिला मी स्वतः घेऊन जाणार आहे वकिलांकडे.

आणि वही. पासवर्ड त्यात नाहीत, ते वेगळ्या बंद पाकिटात आहेत. वहीत आहे ते काम. नागली कोणाकडून येते, किती आगाऊ द्यावे लागतात, कुरिअरचा मुलगा चारला येतो आणि पाचनंतर फोन उचलत नाही, कोणत्या गिऱ्हाइकांना उधार द्यायचं आणि कोणाला नाही, आणि शेवटच्या पानावर धंदा बंद करायचा असेल तर आधी कोणाचे पैसे परत करायचे. हे पान लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. चालवलाच पाहिजे असं काही मी लिहिलेलं नाही. वहिनीवर दादाला दिलेल्या शब्दाचं ओझं होतं, ते मला माझ्या माणसांवर टाकायचं नाहीये.

मागच्या रविवारी भाचीला बोलावलं, वही तिच्या हातात दिली आणि सांगितलं आज आत्या नाही असं समज. दुपारपर्यंत तिने चार ऑर्डरी बरोबर काढल्या. कुरडया मात्र पापडासारख्या आडव्या ठेवल्या आणि सगळा चुरा झाला, कारण उभ्या भरायच्या आणि वर कागदाचे बोळे घालायचे हे मी लिहिलंच नव्हतं. आणि दोनदा तिला मला विचारावं लागलं, कारण ओटीपी माझ्या हातातल्या फोनवर येत होता. कुरडयांचं लिहून झालंय. येत्या रविवारी परत करणार आहोत, फोन तिच्याकडे देऊन मी सकाळीच वहिनीकडे जाणार, तिला शेवटचे दोन तांब्ये पॅक करायचेत.